सहाणेवरची गोळी

मुलीची बोटं तव्याला टेकली होती आणि ती माझ्याशी बोलत होती. वास आधी मला आला. मी म्हटलं, "काय जळतंय गो?" तिनं खाली पाहिलं. डाव्या हाताची करंगळी नि तिच्या शेजारचं बोट तव्याच्या कडेवर होतं. तिनं हात ओढून घेतला. कातडी पांढरी पडली होती. ती ओरडली नाही. ओरडायला दुखावं लागतं. ती त्या बोटांकडे दुसऱ्या कोणाची असावीत तशी बघत राहिली. मग मला म्हणाली, "बाबा, कळलंच नाय."

त्या दिवसापासून माझ्या पोटात जी भीती बसली ती अजून उठलेली नाही.

झालं होतं ते तीन आठवडे आधी, आणि झालं माझ्यामुळे. मी मुरबाड तालुक्यातला, मुलगी सापगावला दिलेली. बायको पौषात गेली. उन्हाळ्यात घरामागच्या फणसाला फळं लागली. ती असताना पहिला फणस पोरीच्या घरी जायचा, म्हणून मीही नेला, एसटीत मांडीवर घेऊन. मुलीनं हाताला तेल लावलं, कोयता उचलला. मी म्हटलं, दे इकडं. ती म्हणाली, "तुमी बसा, तुमचे हात कापतात." तेलाच्या हातातून कोयता निसटला तो डाव्या मनगटावर.

शहापूरला दवाखान्यात टाके घातले. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, "नस तुटलेली दिसते, मुंबईला दाखवा." आता आमच्याकडे नस म्हणजे रक्ताची. मी चौथी शिकलेला माणूस. रक्त थांबलं, म्हणजे नस जुळली, असं मी धरलं. मुलगी म्हणत होती, दोन बोटं सरळ होत नाहीत. मी म्हणालो, सूज आहे, उतरेल. बोटं आंबे काढायच्या आकडीसारखी वाकत गेली तरी मी म्हणत होतो, उतरेल. जावई पहाटे आसनगावला गाडी धरून कामाला जायचा, अंधार पडल्यावर यायचा. मी मदतीला तिथंच राहिलेलो, घरात मोठा माणूस मीच, म्हणून माझंच ऐकलं गेलं. तव्यावर बोटं भाजली तेव्हा मुंबईला गेलो.

तिथली डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा लहान असेल. तिनं सुईनं बोटं टोचली, डोळे मिटायला लावले, कापूस फिरवला. मग म्हणाली, "आजोबा, ही रक्ताची नस नाही. जाणिवेची आहे. हिच्यातूनच बोटांना कळतं नि बोटं हलतात. ही आपोआप जुळत नाही."

"मग?"

"टोकं लांब गेलीत. मधे एक बारीक नळी बसवू. नळीच्या भिंतीत औषध भरलेलं आहे. ते एकदम बाहेर येत नाही, काही आठवडे थोडं थोडं पाझरतं. त्याच्या आधारानं नस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाढत जाते. हा उपचार नवा आहे, अजून तपासून बघतोय. येईल गुण, नाहीही येणार. विचार करून सही करा."

मुलगी शिवणकाम करते. मशीनवर कापड डाव्या हातानं सरकवायचं असतं. तिनं विचार केला नाही. सही केली.

हात बांधायला तिला आत नेलं. मी बाहेर डॉक्टरणीपाशी उभा. नळीचं मला समजलं होतं, पण खात्री करायची होती. मी म्हटलं, "आमी आंब्याच्या कलमाशी मडकं पुरतो. बुडाला भोक, भोकात चिंधी. पाणी थेंब थेंब मुळाशी जातं, कलम उन्हाळा काढतं. तसं का?"

ती हसली. "अगदी तसं."

"आणि मडकं फुटलं तर?"

"तुम्हीच सांगा."

"चिखल होतो. मुळं गुदमरतात. नि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडं."

"औषधाचंही तेच," ती म्हणाली. "दिवसभर पुरवायचं औषध एकदम अंगात गेलं तर अपाय होतो." मग तिनं माझ्या हातात गोळ्यांचं पाकीट दिलं. "नस वाढताना कळा येतात, त्यासाठी या गोळ्या. याही हळूहळू सुटणाऱ्या आहेत. ऑपरेशननंतर रोज एक, पाण्याबरोबर अख्खी गिळायची. तोडायची नाही, चावायची नाही, कुटायची तर मुळीच नाही."

मी भिंत धरली. ती म्हणाली, "आजोबा, चक्कर येते का?" मी नाही म्हटलं.

माझ्या बायकोला लकवा झाला होता. अर्धं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा रक्तदाबाची गोळी दिली होती. ती तिला गिळता यायची नाही. घशात अडकायची, ठसका लागायचा, डोळ्यांत पाणी यायचं. मग मी सहाण काढली. याच सहाणेवर तिनं आमच्या मुलीला तान्ही असताना वेखंड उगाळून चाटवलं होतं. मी गोळी उगाळायचो, मधात कालवायचो, बोटानं तिच्या जिभेवर लावायचो. ती चाटायची. वाकड्या तोंडानं हसायची. शेजारच्या बाया दारात उभ्या राहून बोलायच्या, "बघा गो, बायकोची कशी शेवा करतो. आमचा म्हातारा पाण्याचा तांब्या नाय देत." मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, छाती फुगायची.

गोळी चाटवली की थोड्या वेळानं तिला घाम यायचा. अंग गार पडायचं, डोळे जड व्हायचे. मी म्हणायचो, औषध लागू पडतंय. पाच दिवस दिली. सहाव्या दिवशी दुपारी चाटवली, आणि तिचं डोकं माझ्या हातावर कलंडलं. जीप आणेपर्यंत, मुरबाड गाठेपर्यंत संपलं होतं. सगळे म्हणाले, दुसरा झटका. मीही म्हणालो, दुसरा झटका.

आता मुंबईच्या त्या दवाखान्यात, गोळ्यांचं पाकीट हातात धरून, मला तो घाम आठवला. थेंब न् थेंब आठवला.

मुलगी हात गळ्यात बांधून बाहेर आली. "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"गोळी अख्खी घे म्हणाली," मी म्हटलं. बाकी गिळून टाकलं.

मग ऑपरेशन झालं आणि मी सापगावलाच राहिलो. तिचा डावा हात मी. भांडी घासायची, कांदा कापायचा, मशीनवर कापड सरकवायचं. माझी शिवण नांगराच्या तासासारखी वाकडी जायची. ती म्हणायची, "बाबा, बाईचा ब्लाउज हाय, भाताचं गोणपाट नाय!" मी हसायचो, पण डोळा तिच्या मनगटावर. कुठं आपटेल का, सुजेल का, आतलं मडकं फुटेल का. तिनं हात उन्हात धरला तरी मी ओरडायचो.

डॉक्टरणीनं दाखवलं होतं, बोटाच्या टोकानं मनगटापासून तळहातावर ठोकत जायचं. नस जिथवर पोचली असेल तिथं ठोकलं की करंगळीत मुंग्या येतात. तिथं पेनची रेघ मारायची. दिवसाला वाढली तर एक मिलिमीटर, ती म्हणाली होती, म्हणजे कोलम तांदळाच्या दाण्याची जाडी, तीही पुरती नाही. रोज सकाळी चहा झाला की मुलगी हात पुढं करायची आणि मी ठोकायचो. मनगटावर मुंग्या यायच्या, त्याच्या खाली काही नाही. दुसऱ्या आठवड्यातही काही नाही. तिसऱ्या आठवड्यातही नाही. ती "नाय" म्हणायची आणि मला वाटायचं, हे माझ्यामुळे. देव माझं देणं पोरीकडून वसूल करतोय.

गोळी तिला जड जायची. आईचाच घसा. एकदा ती म्हणाली, "केवढी ही गोळी! आयला देत होता तशी उगाळून द्या ना."

"गप गिळ," मी असा खेकसलो की तिच्या हातातला पेला हिंदकळला.

"आयची एवढी शेवा केलीत, नि मला साधी गोळी उगाळून देववत नाय तुमाला?" ती म्हणाली. चेष्टेनंच म्हणाली, पण थोडी दुखावली होती. मी उठून अंगणात गेलो.

दोन दिवसांनी दुकानातून गूळ घेऊन परत आलो. ती ओट्याशी पाठमोरी बसलेली. घासल्याचा आवाज. सहाण मी फणसाबरोबरच गावाहून आणली होती, बायकोची आठवण म्हणून, फडक्यात गुंडाळून. ती फडकं सोडून बसली होती आणि उजव्या हातानं गोळी उगाळत होती. शेजारी मधाची बाटली. सहाणेवर पांढरी रेघ उमटलेली.

मी धावलो. या वयात कसा धावलो ठाऊक नाही. सहाण हिसकावली, ती हातातून सुटून दारातल्या दगडावर आपटली, एक कोपरा उडाला. मुलगी घाबरून भिंतीला टेकली. "बाबा! काय झालं तुमाला?"

"चाटलीस का?"

"नाय."

"आयची आण घे."

"नाय चाटली! काय झालं?"

मी तिथंच खाली बसलो आणि सांगितलं. सगळं. घाम, गार अंग, औषध लागू पडतंय म्हणालो ते, डॉक्टरणीनं जे सांगितलं नि मी जे लपवलं ते. सांगताना तिच्याकडे बघितलं नाही. सहाणेच्या तुकड्याकडे बघत होतो.

तिनं एवढंच विचारलं, "किती दिस?"

"पाच. सहावा तो."

ती उठून आत गेली. दुसऱ्या सकाळी चहा दिला, पण हात पुढं केला नाही. मीही मागितला नाही. तिसऱ्या सकाळीही तेच. गोळी मात्र ती माझ्यासमोर अख्खी गिळायची, तीन-तीन घोट पाणी लावून. मी तिच्या घशाकडे बघायचो, गेली का, अडकली का. ती माझ्याकडे बघायची नाही. असे आठ दिवस गेले. मला इतकी भीती बायको गेली तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पुढच्या तपासणीला मुंबईला गेलो तेव्हा मी बायकोच्या गोळ्यांची उरलेली पट्टी बरोबर नेली. गावच्या घरी तिच्या कुंकवाच्या डबीखाली ठेवलेली होती, आदल्या दिवशी जाऊन आणली. कोणाला न सांगता मी ती डॉक्टरणीच्या टेबलावर ठेवली. मुलगी शेजारीच बसली होती.

"ही उगाळून दिली तर माणूस मरतं का?" मी विचारलं.

डॉक्टरणीनं पट्टी उजेडात धरून वाचली. मग पट्टीकडे, मग माझ्याकडे बघितलं. कोणाला दिली, कधी, काय होत होतं, सगळं विचारलं. मी सांगितलं.

"ही हळूहळू सुटणारीच आहे," ती सावकाश म्हणाली. "उगाळायला नको होती. रक्तदाब एकदम खाली गेला असेल. पण लकवा मोठा होता, दुसरा झटकाही आला असेल. मी त्यांना तपासलं नव्हतं, आजोबा. तुमच्यामुळे नाही झालं असं मी सांगू शकत नाही. तुमच्यामुळेच झालं असंही नाही."

मला वाटलं होतं, कोणीतरी एकदा हो म्हणावं नाहीतर नाही म्हणावं. दोन्ही मिळालं नाही. ते तसंच घेऊन जगायचं आहे.

आसनगावला उतरून टमटम धरली. शहापूर मागं पडलं. मुलगी रस्त्याकडे बघत होती. तशीच बघत म्हणाली, "आयला दवाखान्यातनं घरी आणली तवा मधाची बाटली मी आणलेली."

मी मांडीवरची पिशवी सारखी केली.

"आन् मी दहावी झालेली हाय, बाबा. गोळ्यांचा कागद मला वाचता आला असता. तुमाला नसता आला. मी नाय वाचला. तुमी उगाळत व्हता नि मी सहाण धरून बसले व्हते."

ते मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो. शेवटचे दोन दिवस ती आमच्या गावी आली होती. सहाण हलू नये म्हणून धरायची.

"तुझ्यामुळं झालं असं मी कदी बोललो नाय," मी म्हटलं.

"मीबी तुमाला बोलणार नाय," ती म्हणाली. आणि गळ्यातल्या पट्ट्यातून हात काढून माझ्या मांडीवर ठेवला, तळवा वर. "ठोका."

टमटम खड्ड्यांतून चालली होती. मनगटाची जुनी रेघ पुसट झाली होती. मी तिच्यावर ठोकलं. "मुंग्या," ती म्हणाली. थोडं खाली ठोकलं. "मुंग्या." आणखी थोडं खाली, एक बोटभर. ती थांबली. "बाबा, हितंबी."

माझा विश्वास बसेना. माझ्यासाठी बोलत असेल. मी म्हटलं, "डोळे मीट." तिनं मिटले. मी तिसरीकडेच ठोकलं, अंगठ्याच्या बुडाशी. "ते अंगठ्याला कळलं, करंगळीला नाय," ती म्हणाली. मी मनगटाच्या वर ठोकलं. "तिथं काय? फसवता काय मला?" मग पुन्हा त्या जागेवर ठोकलं, रेघेच्या एक बोट खाली. "हां. मुंग्या. करंगळीच्या टोकाला."

मी पेन शोधायला खिशात हात घातला. अजून मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंत वाट केवढी आहे, मला ठाऊक होतं. नळीतलं औषध पुरेल का, मधेच आटेल का, हे डॉक्टरणीलाही ठाऊक नाही. बोट पुन्हा उचललं आणि तिच्या तळव्याच्या वरच धरून राहिलो.

तिचे डोळे मिटलेलेच होते. "ठोका ना," ती म्हणाली. "का थांबलात?"

पुढचं "नाय" ऐकायची भीती होती, तरी मी पेनची रेघ मारली आणि तिथून दाणाभर खाली ठोकलं.