रेखाचं नाव असलेला गंज

विलासचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. "काकू, आई गेली..." एवढंच बोलला आणि फोन ठेवला. बाईंना लकवा मारला तेव्हापासून त्या यवतमाळच्या दवाखान्यातच होत्या, म्हणजे बातमी काही आभाळातून पडली नव्हती. तरी माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आणि खरं सांगते, मला आधी रडू नाही आलं, राग आला. कारण बाईंनी जाता जाता एक काम माझ्या गळ्यात बांधून ठेवलं होतं, आणि ते काम विलास मला करू देणार नाही हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं.

बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊ, कमलबाई. शेवटची भेट झाली तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, एक हात निकामी. मी शहाळं नेलं होतं, तर त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सुनंदा, माह्या तेरवीले आपलेच गंज चढवजो," म्हणाल्या. "भाड्याचं भांडं माह्या दारात नोको." मी म्हटलं, बाई, कायले असं बोलता, तुम्ही बऱ्या होऊन घरी येता. तर डोळे वटारून म्हणतात, "ते राहू दे. अन् चढवाच्या आधी बुडं पाहून घेजो." मरायला टेकलेली बाई, आणि चिंता कशाची, तर भांड्यांच्या बुडांची!

गंज म्हणजे आमच्याकडचं मोठ्या तोंडाचं पातेलं. अख्ख्या पंगतीचं वरण एका वेळी शिजेल एवढं. असे गंज, पराती, कढया, बादल्या, झारे, गडवे... सगळी गावभांडी बाईंच्या घराला लागून असलेल्या टिनाच्या खोलीत असायची. ती कोणा एकाची नव्हती. गावात लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, यायचं, बाईंना सांगायचं आणि भांडी न्यायची. भाडं नाही. अटी दोनच. भांडं घासून आणायचं, आणि घरात लेकीचं लग्न असेल तर परत करताना एक नवं भांडं त्यात घालायचं. ज्याची जशी ऐपत... कोणी परात द्यायचं, कोणी साधा झारा. त्यावर नाव टाकायचं ते त्या लेकीचं, बापाचं नाही. हा नियम बाईंचा. एकदा कोणीतरी कुरकुरलं, तर म्हणाल्या, "बापाचं नाव सातबाऱ्यावर हाय ना? पोरगी तं चालली गाव सोडून. तिचं काईतरी राहू द्या इथं." त्या खोलीत गेलं की मंदा, उषा, वनिता, शोभा अशी गावातून गेलेल्या पोरींची नावं टिंबाटिंबांनी कोरलेली दिसायची. शेजारच्या रेखाच्या लग्नातला जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, गंज सगळ्यात मोठा. पुढे त्याचा एक कान तुटला, तेव्हा बाईंनी लोहाराकडून लोखंडाची कडी बसवून घेतली होती.

मी लग्न होऊन फुलसावंगीजवळच्या या गावात आले तेव्हा हातांची हळदही उतरली नव्हती. बाईंनी माझ्यापुढे गंज आणून ठेवला, सोबत राख आणि नारळाची शेंडी. मी ईर्ष्येनं घासला, आतून आरशासारखा केला. बाईंनी तो उलटा केला, बुडावरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट माझ्या नाकासमोर धरलं. "आतून तं सारेच घासतात व. बुडाखालचं कोन घासते, त्याच्यावर घर कळते." मी मनात म्हटलं, अवं माय, ही जाऊ आहे का फौजदार! त्या बोटाला सारं गाव टरकायचं. शेजारच्या तांड्यावरचे लोक बाईंना याडी म्हणायचे, म्हणजे आई. पण भांडी परत करायची वेळ आली की जो तो दुसऱ्यालाच पुढे करायचा. मोठमोठे मिशीवाले लोक आमच्या हापशीवर गंज दुसऱ्यांदा घासताना मी या डोळ्यांनी पाहिलेत.

माझा पुण्याचा भाचा दिवाळीत येतो आणि दरवर्षी तेच म्हणतो, "मावशी, गावात तुम्हाला काय खर्च! भाजी शेतातली, हवा फुकट." हवा खाऊन पोट भरत असतं तर मी कशाला अंगणवाडी चालवली असती रे बाबा? इथे जी वस्तू येते ती एसटीचं भाडं डोक्यावर घेऊन येते. नळाची तोटी बिघडली तर उमरखेड, डोळ्यात टाकायचं औषध हवं तर उमरखेड. दुकानात तेल सुटं घ्यायचं, साबण सगळ्यात लहान, शाम्पू पुडीतला. पुडीपुडीनं घेतलं की महाग पडतं, हे काय आम्हाला कळत नाही? पण मोठा डबा घ्यायला हातात एकदम पैसा लागतो, आणि तो इथे एकदम कधी येतच नाही. मजुरी हंगामापुरती, माझं मानधन येईल तेव्हा खरं. भाव शहरातले, कमाई गावातली! आणि वर आम्हालाच सांगायचं की गावात स्वस्ताई आहे. बाई या बाबतीत माझ्याहून शहाण्या होत्या. त्या म्हणायच्या, "सस्तं काईच नसते व सुनंदा. वाटून घेतलं का परवडते." एकाचा पंप, दुसऱ्याचं शिलाई मशीन, तिसऱ्याची बैलजोडी आणि बाईंकडचे गंज... असं करत करत हे गाव जगलं. योजना आल्या आणि गेल्या.

मग उमरखेडात बिछायत केंद्रं झाली. मंडप, खुर्च्या, भांडी, आचारी, सगळं टेम्पोतून दारात. पोट्ट्यांना ते शानदार वाटायला लागलं. ज्याच्या घरी गावभांडी दिसली त्याचं घर नडलेलं, असा अर्थ निघू लागला. कालपर्यंत जे आमच्या पराती डोक्यावरून न्यायचे, ते भाड्याच्या भांड्यांची जमवाजमव करायला हातातलं काम टाकून धावू लागले. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, इथे तर अंथरूणच भाड्यानं! बाईंच्या जिभेनंही काही लोक तोडले, ते मी लपवत नाही. भांडी न्या आणि वर बोलणी खा, यापेक्षा भाडं परवडलं, असं मला तोंडावर सांगणारे भेटले आहेत. पण बोलणी फुकट होती, भाडं फुकट नव्हतं, हे कोणी का बोललं नाही?

विलासच्या स्वतःच्या लग्नात तर कहर झाला. तो उमरखेडला कापडाच्या दुकानात कामाला. लग्न तिथल्याच लॉनवर, कारण दुकानातले लोक येणार. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तशी सासरच्यांची वेगळी फर्माईश. बाई गप्प होत्या. मला वाटलं, चला, निभावलं. तर जेवणाच्या वेळी बघते, बाई उभ्या आहेत आचाऱ्याच्या मागे, तिथल्या एका गंजाचं बूड वाकून पाहत, आणि ते काळं बोट विहीणबाईंना दाखवत. "पाह्य वो बाई, पैसे घेऊन हे असं घासते!" विलासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला हसू आवरेना. तेव्हापासून मायलेकांत काहीतरी आंबलं ते आंबलंच.

तर ही अशी बाई गेली, आणि मी विलासला म्हटलं, आईनं सांगून ठेवलंय, तेरवीला गावभांडीच चढवायची. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "काकू, दुकानातले लोक येतील, सासरचे येतील. मी बिछायतवाल्याले सांगतलं हाय." मी म्हटलं, मंडप आण तुझा कितीही मोठा, फक्त गंज आपले घे. तर म्हणे, "खोलीची चाबी सापडून नाई राह्यली." कुलूप तोड म्हटलं, तर उठून गेला.

तेरवीच्या दिवशी सकाळीच टेम्पो आला. मंडप झाला, खुर्च्या आल्या, लाल ऑइलपेंटनं नंबर टाकलेली भांडी उतरली. आचारी आले. वांगी चिरायलासुद्धा आम्हा बायांना कोणी बोलावलं नाही. जन्मभर जिनं गावाच्या पंगती उठवल्या तिच्याच दारात मी पाहुणीसारखी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते, आणि आतून नुसती धुमसत होते. बाईंनी एकच गोष्ट मागितली होती हो... एकच.

रेखा आली होती. सासर उमरखेडचं, बाईंवर जीव, म्हणून सकाळपासूनच आलेली. आपल्या म्हाताऱ्या आईसाठी गरम पाणी आणायला ती मागे चुलाणाकडे गेली आणि तशीच रिकामा गडवा घेऊन परत आली. "काकू, जरा इकडं या न." गेले. भट्टीवर वरणाचा गंज रटरटत होता. त्याच्या एका कानाला लोखंडाची कडी. लाल रंग उष्णतेनं पोपडे धरून सुटत होता आणि त्याखालून टिंबं दिसत होती. र ला काना... नाही, र ला मात्रा, मग खा. "हा तं माह्या लग्नातला गंज हाय न व काकू?" रेखानं टिंबांकडे बोट दाखवलं.

मी तिथूनच ओरडले, "विलास! खोलीची चाबी सापडली का रे?" तो आला. गंज पाहिला, रेखाला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. हे त्यालाही नवीन होतं. "विकले," म्हणाला. "आई दवाखान्यात गेलती तवा. सारे मोडीत दिले." म्हणजे मोडवाल्यानं फुटकं वितळवायला धाडलं आणि धडधाकट गंज बिछायतवाल्याला विकले, आणि ते आता भाडं लावून आमच्याच दारात आले होते. मी तोंडाला येईल ते बोलले. काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. विलासनं सगळं ऐकून घेतलं आणि मग तोही भडकला. "कोनी नेत नोतं काकू ते गंज! खोली फुकट अडकून पडलती. तिथं मले झेरॉक्सचं दुकान टाकाचं हाय. उमरखेडले जाण्यायेण्यात अर्धा पगार सरते. तुमच्या गंजानं माहं घर चालते का?" तोही खोटं बोलत नव्हता, आणि म्हणूनच मला आजही जास्त संताप होतो. आपलेच दात, आपलेच ओठ.

पंगती उठल्या. वरण चांगलं झालं होतं, मेल्याचं. बिछायतवाला भांडी गोळा करू लागला तेव्हा मी रेखाचा गंज उचलला, अंगणात पालथा घातला आणि त्यावर बसले. "काकू, उठा न," तो म्हणाला. "म्या चोरून नाई आनला. पैसे देऊन घेतला." मी म्हटलं, "मले मालूम हाय. म्हनून तं तुले शिव्या देऊन नाई राह्यली. पन उठत बी नाई." पोट्टे हसत होते, एकानं मोबाइल काढला. रेखा माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, हलली नाही. शेवटी विलासनं त्या माणसाला बाजूला नेलं आणि तो मागेल ते देऊन गंज सोडवला, स्वतः विकला होता त्याहून महाग. विकतचं श्राद्ध म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? माझ्याकडे पाहिलं नाही त्यानं. मी पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

लोक म्हणतात, बरं झालं, कमलबाईला हे कळायच्या आधीच ती गेली. मला नाही वाटत बरं झालं. कळायला पाहिजे होतं! असा झोडपला असता त्याला, आणि मग बसून दोघांनी दुकानाचंही काहीतरी काढलं असतं. बाईंना रस्ता सापडायचा, मला नुसता राग येतो. मंदा, उषा, वनिता... त्या नावांचे गंज त्या दिवशी टेम्पोतून परत गेले, आता उन्हाळ्यात कोणाकोणाच्या लग्नात भाड्यानं फिरतील. ज्या पोरींना सासरीही नाव लावून घ्यायला भांडावं लागलं, त्यांचं माहेरातलं नाव लाल रंगाखाली. माझी झोप त्यानं उडते, विलासची उडते का ते विचारायचं राहिलं आहे.

टिनाच्या खोलीला आता नवं शटर लागलं आहे, दुकान अजून लागायचं आहे. रेखाचा गंज माझ्या ओसरीत आहे. मागच्या आठवड्यात तांड्यावरचा नामदेव आला. लेकीचं लग्न काढलेलं. "काकू, याडीचे गंज हायेत का?" मी म्हटलं, एकच राहिला. त्यानं गंजाची कडी हलवून पाहिली. मग म्हणाला, "एक तं एक. वरनाचं भागते. बाकीचं पाहू."

परवा तो गंज परत घेऊन आला. सोबत एक नवा कोरा झारा होता. दांड्यावर बारीक टिंबांत नाव, सोनाली. मी झारा घेतला, नावावरून हात फिरवला, आणि तो आत खुंटीला अडकवून आले. नामदेव निघायच्या बेतात होता. त्याला थांबवलं. गंज उलटा केला, बुडावरून बोट फिरवलं आणि त्याच्या समोर धरलं.

"नाव बरोबर हाय," म्हटलं. "पन बूड काळं हाय. हापशी तिकडं हाय, जाय, घासून आन."