नानांची लाल टर्बो

जुनी गाडी महिन्यातून एकदा धड चालते, पण किस्सा मात्र दर आठवड्याला देते! आमचा कट्टा रविवारी सकाळी कळंबोलीत, एक्सप्रेसवे सुरू होतो त्याच्या अलीकडच्या टपरीवर भरतो. तिथे जमलेले किस्से आता माझ्याच्याने पोटात ठेववत नाहीत.

कट्ट्यावर माणसं मोजकी. जवळच्या ओवे गावचे हिराजी नाना, हाडांचे डॉक्टर, ट्रकचे मिस्त्री उस्मानचाचा आणि मी. माझ्याकडे जुनी म्हणावी अशी फक्त एक स्कूटर आहे, त्यामुळे मला मत असतं, मान नसतो. आम्ही जमतो ते नानांच्या गाडीभोवती. सरकारने घेतलेल्या जमिनीचे पैसे आले तेव्हा भावकीने इमारती उभ्या केल्या. नानांनी तिशी उलटलेली जर्मन स्पोर्ट्स कार आणली. लाल, बुटकी, टर्बोवाली!

मध्यंतरी कट्ट्याला एकच काळजी होती, ती नानांच्या डाव्या गुडघ्याची. या गाडीचा क्लच म्हणजे व्यायाम. डॉक्टरांनी सांगून टाकलं, "नाना, गुडघा तरी ठेवा, नाहीतर ही गाडी तरी." त्यानंतर दोन रविवार नाना कोणाशी धड बोलले नाहीत.

*

याच डॉक्टरांनी पहिल्यांदा गाडी चालवायला मागितली तेव्हाची गोष्ट. जुन्या टर्बोचा स्वभाव असा, की पाय दाबला की आधी काहीच होत नाही. मग सगळं एकदम होतं! नानांनी बजावलं होतं, "दाबा न् वाट बघा."

उरणच्या रस्त्याला डॉक्टरांनी दाबलं. काही नाही. अजून दाबलं. काही नाही.

"नाना, हिच्यात काही दम—" एवढं बोलेपर्यंत मागून कोणी ढकलल्यासारखी गाडी सुटली. उरलेलं वाक्य डॉक्टरांनी रस्त्याकडेच्या गवतात, थांबलेल्या गाडीत पूर्ण केलं. "—आहे!"

नाना उतरले, बंपरमधलं गवत काढलं आणि म्हणाले, "पयल्यांदा सगल्यांचं असंच व्हतं."

आताच्या गाड्या तुमची चूक सांभाळून घेतात. ही घेत नाही. हिच्याशी नीट वागावं लागतं आणि म्हणूनच लोक हिच्यासाठी वेडे होतात, असं माझं स्कूटरवाल्याचं मत.

*

टर्बो तापलेली असते. पोचल्या पोचल्या इंजिन बंद केलं तर ती बिघडते, म्हणून दोन मिनिटं चालू ठेवून बसायचं. नाना हा नियम पूजेसारखा पाळतात.

पुतण्याच्या लग्नाला नाना मांडवाच्या दारात पोचले आणि गाडीतच बसून राहिले. काचा बंद, चेहरा गंभीर. मुलीकडच्यांची धावपळ उडाली. नवऱ्यामुलाचे थोरले काका रुसले! मुलीचे वडील शाल-नारळ घेऊन धावत आले आणि काचेपाशी हात जोडून उभे राहिले. "नाना, काय चुकलं आसंल तर पोटात घाला!"

नानांनी आतून दोन बोटं दाखवली. म्हणजे, दोन मिनिटं थांबा.

मुलीचे वडील मांडवाकडे वळून ओरडले, "आरं, दोन शाली पायजेत! पळा!"

*

एकदा गाडी सुटताना वाजणारी टर्बोची शिट्टी बंद पडली. नाना पार खचले, परदेशातून पार्ट मागवायच्या गोष्टी करू लागले. उस्मानचाचांनी कान लावला, ट्रकचा एक क्लॅम्प काढला, सैल पाइपावर आवळला, झालं. "परी असो की दहा चाकी, जनाब, हवा कुठून गळते तेवढंच बघायचं."

तोवर आजूबाजूचे ट्रक ड्रायव्हर जमले होते. एकाने वाकून विचारलं, "इतनी सी गाडी में टर्बो? माल कौनसा भरते हो?"

नाना म्हणाले, "हौस भरतो. ओव्हरलोड हाय!"

*

आता गेल्या महिन्यातलं. नानांचा मुलगा म्हणाला, गुडघ्यापायी उभी करून गंजवण्यापेक्षा विका. आणि पुण्याहून एक साहेब नानांच्या घरी आले, कट्टाही तिथेच जमला. जुन्या टर्बो गाड्या जमवतात. माणूस भला. लोहचुंबक फिरवून पत्र्यात कुठे पुट्टी भरलीय का ते बघत होते आणि नाना मागे मागे फिरून स्वतःच एकेक खोड सांगत होते. थंडीत अशी करते, चढाला तशी करते.

साहेब शेवटी हसून म्हणाले, "नाना, तुम्ही गाडी विकताय की मला परत पाठवताय?"

नाना हसले नाहीत. त्यांनी किल्ली पुढे केली, पण बोटं काही उघडेनात. मला ते बघवेना. डॉक्टर तर झाडाकडे तोंड करून उभे होते. जसं काही गुडघ्याचं सांगून त्यांनीच पाप केलं होतं.

तेवढ्यात नानी आल्या. त्यांचं माहेर उरणच्या कोळीवाड्यातलं. तिथून मासळी आणून पनवेलच्या बाजारात विकतात, पिकअप स्वतः चालवतात. लाल गाडीत मात्र त्या एकदाही बसल्या नव्हत्या. पिकअप लावून त्यांनी नळावर हात धुतले, पदर खोचला, नानांच्या मुठीतली किल्ली सोडवली आणि सरळ स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या. क्लच दाबून बघितला. एकदा, दोनदा.

"पिकअपचा याच्याहून जड हाय."

नाना जागचे हलले नाहीत.

"अवो, बघताय काय? गुडघा तुमचा गेलाय, माझा नाय. बसा बाजूला!"

नाना बसले. गाडी फाटकाबाहेर पडली आणि ओव्याच्या रस्त्याने दिसेनाशी झाली.

अर्धा तास झाला, तरी ती परत येईना. साहेबांनी लोहचुंबक खिशात टाकलं आणि मला विचारलं, "इथे चहा कुठे मिळतो हो?"