अर्धाच ऐकलेला तास

आदरणीय शामराव वानखडे सरांची आणि माझी पहिली ओळख एका डबलरोटीमुळे झाली. तेलंगणाच्या बेला मंडलातल्या आमच्या गावच्या मराठी शाळेत मी तेव्हा सातवीत होते. सर नुकतेच विज्ञान शिकवायला रुजू झाले होते. त्यांनी आदिलाबादहून स्वतःच्या खर्चाने पाव आणला, त्यावर पाण्याचा हबका मारून तो डब्यात झाकून ठेवला आणि आम्हांला रोज तो नुसता बघायला सांगितला. खायची वस्तू मुद्दाम सडू देणारे मास्तर आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

आठवड्याभरात पावावर हिरवट बुरशी धरली. सरांनी भिंग आमच्या हाती दिलं. अशाच एका बुरशीतून पेनिसिलिन मिळालं, आणि ज्या जखमा चिघळून माणसं दगावत त्या बऱ्या होऊ लागल्या, असं ते सांगत होते. इतक्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. उरलेलं सुट्टीनंतर सांगतो, म्हणून सर बाहेर गेले.

ते उरलेलं मी ऐकलंच नाही. दोन दिवसांपूर्वी वांग्याच्या वाफ्यात काम करताना बाबांच्या पायावर फावडं बसलं होतं. जखमेला फडकं बांधून ते घरीच पडून होते. मी डब्यातला एक तुकडा काढला, वहीच्या कागदात गुंडाळला आणि घरी पळाले.

"सरानं सांगतलं का?" बाबांनी विचारलं.

मी हो म्हणाले. त्यांनी पाय पुढे केला.

बुरशीच्या जाती पुष्कळ, त्यांतल्या काही विषारी. औषध त्यातून वेगळं काढून शुद्ध करावं लागतं. घरची बुरशी जखमेला कधीही लावायची नाही, असं सरांनी सुट्टीनंतर वर्गाला बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने मला ते सांगितलं, तेव्हा बाबांना ताप भरला होता. तरी मी पट्टी सोडा म्हणाले नाही. मी घाबरले होते. त्यानंतर दोन दिवसांनी त्यांना आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. पायाची तीन बोटं काढावी लागली.

गावातले दहा-बारा जण जाब विचारायला शाळेत आले. वर्गातल्या मुलांना खरं ठाऊक होतं, पण मोठ्यांपुढे कोणी तोंड उघडलं नाही. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"अर्धी गोष्ट सांगून मी पोरांना सुट्टीवर सोडलं," सर म्हणाले. "चूक माझी आहे."

बदलीचा हुकूम यायला दोन महिने लागले. तोवर रोज संध्याकाळी सर आमच्या घरी आले. सर बौद्ध. त्यांच्या समाजाच्या माणसाला आमच्याकडे ओट्यावरच बसवत, पाण्याचा पेलाही वेगळा असे. त्याच ओट्यावर बाबांचा पाय मांडीवर घेऊन सर उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धूत आणि स्वच्छ पट्टी बांधत. पहिले काही दिवस बाबा भिंतीकडे तोंड करून बसत. एके दिवशी ते आईला म्हणाले, "सराले आत बसव. चहा आपल्या कपात दे." आमच्या घराचा हा रिवाज सरांनी असा मोडला, एक शब्दही न बोलता.

पुढे सरांची बदली बेल्लमपल्लीकडे झाली. तिथे मराठी मुलं नव्हती. मराठीत शिकवण्याची ज्यांची एवढी हातोटी, त्या सरांनी सात वर्षं तुटक्या तेलुगूत विज्ञान शिकवलं. सुट्टीत गावाकडे आले की ते माझा अभ्यास विचारत. नर्सिंगचा फॉर्मही त्यांनीच आणून दिला. आज मी शस्त्रक्रियेच्या वॉर्डात जखमा धुते, ते त्यांच्यामुळे.

नोकरी लागल्यावर पेढे घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. सर शांतपणे म्हणाले, "डब्यातला तुकडा कमी झाला, ते मला त्याच दिवशी दिसलं होतं. तुझं नाव घेतलं असतं तर तू पुन्हा शाळेत आली असतीस काय?"

त्यानंतर बाबा नऊ वर्षं जगले. बुरशी लावायला सरांनी सांगितलं नव्हतं, हे मी बाबांना सांगू शकले असते. उद्या सांगू, दिवाळीनंतर सांगू, असं करत राहिले. सरांच्या मनात खोट नव्हती, असं म्हणत बाबांनी त्यांना मोठ्या मनाने माफ केलं. न केलेल्या चुकीची ती माफी होती. त्याच समजुतीत बाबा गेले. याचं दुःख आता कुठल्याच पट्टीखाली झाकलं जात नाही.

या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी मी लिहिणार हे कळल्यावर सरांचा फोन आला. "ते लिहू नको," म्हणाले. सरांचं न ऐकण्याची ही माझी दुसरी वेळ. पहिल्या वेळी निम्मं ऐकलं होतं. या वेळी पूर्ण ऐकून, समजून त्यांचा शब्द मोडते आहे.

गावात अजूनही काही म्हातारी माणसं सरांचं नाव निघालं की बाबांच्या पायाची गोष्ट काढतात. त्या प्रत्येक ओट्यावर बसून मला खरं सांगायचं आहे. सरांना निरामय दीर्घायुष्य लाभो. गावाने त्यांना सन्मानाने घरात बोलवावं आणि ते पाहायला सर ठणठणीत असावेत, एवढंच मागणं.