गेरूची दोरी

माझा हात हलतो, हे महागावात पोराटोरांनाही ठाऊक आहे. एका लग्नात ऐन हार घालतानाचा फोटो मी असा काढला की नवरीसमोर दोन नवरे दिसत होते. तेव्हापासून कॅमेरा उचलला की कोणीतरी ओरडतंच, "भाऊ, श्वास रोखून!"

तरी मामांनी मलाच बोलावलं. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. फुलसावंगीतून शिकायला गेले आणि नावाजलेले वास्तुकार झाले. सत्तरी ओलांडल्यावर त्याच गावच्या वाचनालयाच्या इमारतीचं काम अंगावर घेऊन परतले होते.

"काम करतानाचे फोटो काढ. पन मले 'इकडं पाहा' म्हनू नको," एवढीच त्यांची अट.

आठ दिवस त्यांच्या मागे मागे फिरलो. आखणी करताना मामा हाताने रेघ ओढत नसत. गेरूत भिजवलेल्या दोरीचं एक टोक ते धरत, दुसरं मिस्त्री. दोरी ताणून जमिनीला टेकवली की मिस्त्री ती चिमटीत उचलून सोडायचा. फट्! लाल, सरळ रेघ. मला वाटलं, मोठ्या माणसाची ऐट असते एकेक.

घरी फोटो पाहिले आणि कपाळावर हात मारला. मामांची बोटं सगळीकडे पुसट. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून म्हणालो, "मामा, माफ करा. नेहमीसारखा हात हलला माझा."

त्यांनी फोटो निरखला. "भाचेबुवा, मिस्त्रीच्या मिशीचा केसन् केस दिसून राह्यला. तुहा हात कायले हालते? माहा हालला."

इतकी वर्षं फोटो काढतोय, पण एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ती दोरीही ऐट नव्हती, हे तेव्हाच कळलं.

"दोन वर्षं झाले," ते हळूच म्हणाले. "गावाले समजलं तर म्हनतीन, म्हाताऱ्याच्या भिंती वाकड्या जातीन. काम पुरं होऊ दे."

"मग हे फोटो पुसून टाकू?"

"काहून? हाच चांगला आला. लाव वाचनालयाच्या दारात. फक्त दोष तू घे."

(आता ते स्वतःच चारचौघांत सांगतात, म्हणून मीही लिहायला धजावलो.)

उद्घाटनाला तोच फोटो मोठा करून दारात लावला. महागावात माझ्या स्टुडिओशेजारी दुकान असलेल्या एकाने चष्मा वर करून पाहिलं. "अरे, एवढा मोठा मानूस, अन् तिथंही हात हालला तुहा?"

"हालला ना," मी म्हणालो.

शेजारी उभ्या मामांनी गपचूप माझा हात धरला. मग मात्र तो खरंच हलायला लागला.