पिवळी साल

दर गुरुवारी सकाळी रोझविता क्यूनेल लाइपझिगच्या खाटीकखान्यातून गाईच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी बर्फात घालून आणायची. तिथला म्हातारा खाटीक कच्च्या खिम्याचा पाव तिच्या हातात कोंबून म्हणायचा, "खा बाई, तुमच्यापायी आमच्या गाई मेल्यावरही कामाला जातात!" मग ती आमच्या प्रयोगशाळेत ग्रंथी चिरायची, बाहेरची पिवळी साल सोडवायची आणि आतला करडा गर काढून द्यायची. वहीतला शेवटचा 'विशेष'चा रकाना चिरणारीनंच भरायचा. बावीस वर्षं तिनं त्यात एकच लिहिलं: काही नाही. मी शेजारच्या मोरीवर बाटल्या धुते. इतका स्वच्छ हात दुसरा पाहिला नाही.

यंदा मात्र योरिंडे थाम डॉक्टरीणबाई रडकुंडीला आल्या होत्या. गेल्या वर्षी त्यांनी काम सुरू केलं, तेव्हा बशीतल्या गराच्या पेशी छान अ‍ॅड्रिनलिन बनवायच्या. आता जिवंत असूनही चार दिवसांत त्यांचं अ‍ॅड्रिनलिन आटायचं. जूनमध्ये प्रबंध द्यायचा होता. त्यांनी औषधं बदलली, पेशी ठेवायची उबदार पेटी बदलली, शेवटी माझ्या बाटल्यांना नावं ठेवली. माझं डोकंच फिरलं.

डबा खाताना रोझविता हळूच म्हणाली, "बाटल्या नाहीत हो, फ्राऊ लोरेंट्स. मीच. गेल्या वर्षी माझा नवरा एगोन अंथरुणाला खिळला होता ना, तेव्हा हात थरथरायचा. साल गराला चिकटून राहायची. वहीत लिहायची लाज वाटली. तो गेला आणि हात स्थिर झाला बघा."

"मग आता तरी गप्प बसा! हात दाखवून अवलक्षण कशाला? सुरी काढून घेतील तुमची."

"आणि त्या पोरीचा प्रबंध?"

तिनं सांगून टाकलं. थामबाई आधी भडकल्या, मग एकदम खुर्चीत बसल्या. "म्हणजे गराला सालीची सोबत लागते! सालीतला रस पोचला तरच आतल्या पेशी अ‍ॅड्रिनलिन करतात. आणि मी दोघांची ताटातूट करून बसले!" मग त्यांनी उलटंही तपासलं. गर शेजारी असला की सालीच्या पेशीही जास्त रस सोडत होत्या.

थामबाईंचा प्रबंध तरला. प्रयोगशाळेच्या साहेबांनी मात्र ठरवलं की वहीत लपवाछपवी करणारीकडे सुरी नको. एक तारखेपासून ती माझ्या मोरीवर. तिच्यासाठी एक शब्दही कुणी काढला नाही, मीसुद्धा नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

शेवटच्या गुरुवारी थामबाई म्हणाल्या, "गेल्या वर्षीसारखं एकदा चिरून द्या ना. अगदी तेवढीच साल राहू द्या, पडताळायला हवंय."

रोझवितानं सहा ग्रंथी चिरल्या. सहाहींचा गर सालीशिवाय लख्ख निघाला. तिनं सुरी पुसून ठेवली, वही ओढली आणि 'विशेष'च्या रकान्यात लिहिलं: घरी आता कोणी आजारी नाही.