कोणाचं घेणं असेल तर

आमचे मामा चिखलीकडच्या आमच्या अख्ख्या उंद्री गावात पहिल्या नंबरचे भित्रे. कुत्रं भुंकलं की रस्ता बदलायचे, एसटीत ड्रायव्हरच्या मागे बसून त्यालाच गाडी हळू चालवायला सांगायचे. सहीचं तर नाव काढलं तरी त्यांना घाम फुटायचा. बँकेतली साधी पावतीसुद्धा दोघांकडून वाचून घेत. सही म्हणजे आपलं मुंडकं दुसऱ्याच्या हाती देणं, असं त्यांचं म्हणणं.

पण गावात कोणी गेलं की सरणाजवळ उभं राहून विचारायचं काम त्यांचंच. आमच्याकडे अग्नी देण्याआधी वडीलधारा माणूस जमलेल्यांना विचारतो. मामा म्हणायचे, "याच्याकडं कोणाचं घेणं असन त आत्ताच सांगा. अन् याचं कोणाकडं असन, त त्यानं ध्यानात ठेवावं." मग एकेकाच्या तोंडाकडे बघत थांबायचे. लोक कंटाळायचे. हे धाडस कुठून येतं म्हणून आम्ही थट्टा करायचो. ते म्हणायचे, "धाडस नाही बाप्पा, भेव हाये. मेलेल्याचं देणं पोराच्या मानगुटीवर बसते."

माझ्या बाबांना लकवा मारला तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. आई आधीच गेलेली. आईचं माहेर-सासर एकाच गावातलं, म्हणून मामांनीच बाबांना बुलढाण्याच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं. मी पैसे पाठवत होतो. मग नोकरी गेली, बायको-मुलांना घेऊन मी उंद्रीला परतलो आणि केंद्राचं बिल साचत गेलं. तशातच बाबा गेले. केंद्रानं मृतदेह अडवून ठेवला नाही, पण तिथला व्यवस्थापक म्हणाला, मी स्मशानात येतो, तिथंच बोलू.

बाप समोर तिरडीवर आणि मी रडायचं सोडून त्या व्यवस्थापकाकडे बघत होतो. बाबांच्या मागे राहिलं होतं ते दोन खोल्यांचं घर. तेच गेलं तर लेकरांना घेऊन जायचं कुठं? मी मामांजवळ सरकलो आणि म्हटलं, आजच्या दिवस विचारू नका.

"मलेही लय भेव लागून राह्यलं," ते हळूच म्हणाले. "पण साऱ्या गावाले विचारलं, अन् घरच्याले सोडू?"

आणि त्यांनी विचारलं. दोन्ही वाक्यं पुरी केली. व्यवस्थापक पुढे आला आणि त्यानं आकडा सांगितला. सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मामांनी दंडाला धरून मला मागे ओढलं.

"त्याच्याकडं काय पाह्यता? त्याची सही नाही. जामीन म्हणून सही माही हाये. मी देईन."

ही सही त्यांनी कधी केली, मला पत्ता नव्हता. पुढे चिखलीच्या वकिलानं समजावलं की बापाचं देणं मुलाकडून वारशात मिळालं तेवढ्यापुरतंच मागता येतं, मुलाच्या कमाईवर ते येत नाही. म्हणजे मामांचं मानगुटीचं म्हणणं तसं चुकीचंच होतं. पण घर तर वारशातलंच होतं, आणि जामीनदारालाही सुटका नव्हती. मामांनी दोन्ही म्हशी विकून बिल भरलं. सही करताना भीती नाही वाटली का, असं मी विचारलं. वाटली, म्हणाले, पण जामिनाच्या रकान्यात तुझं नाव जाईल याची जास्त वाटली.

मला पुन्हा नोकरी लागल्यावर मी पैसे घेऊन गेलो, तर म्हणाले, आधी लेकरांचं बघ. मीही दरवेळी बघू, बघू म्हणत राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. सरण रचून झालं तेव्हा लोकांनी विचारायला मलाच पुढे केलं. पहिलं वाक्य मी विचारलं. कोणाचंच घेणं निघालं नाही. मीही मामांसारखाच बराच वेळ थांबलो. लोकांना वाटलं, मी कोणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय. पण 'याचं कोणाकडं असन' हे दुसरं वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हतं.