गिळलेला कौल

माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न मी एकदा गिळलं होतं. वर पाणीसुद्धा लागलं नाही.

बायकोचं माहेर जोयडा तालुक्यात, नंदिगड्ड्याच्या बाजूला, रानात. पुण्याहून रामनगरपर्यंत बस, पुढे जीप आणि जीप दमली की आपले पाय. त्या खेपेला गेलो होतो ते सुगंधाच्या कौलासाठी. सुगंधा म्हणजे मेव्हण्याची थोरली. मुलगा रामनगरचा, किराणा दुकानवाल्यांचा. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, दोन्ही घरं राजी. पण तिथे शेवटचा शब्द गावच्या देवाचा! गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवतो आणि विचारतो. देवाच्या उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. नकार आला की नवरामुलगा राजपुत्र का असेना, जीप रिकामी परत.

मला देवळात नुसते हात जोडून भागत नाही. आरतीला झांज माझ्याच हातात हवी, तीर्थाला पहिला तळवाही माझाच. म्हणून बायकोनं वाटेतच बजावलं, "तिथं गप्प बसायचं. काही म्हणजे काही करायचं नाही!"

"अगं, भक्तिभावानं केलेलं देवाला चालतं," मी म्हणालो. (हे वाक्य मी आता वापरत नाही.)

पाकळ्या लागल्या. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, सोयरीक तुझ्या पायाशी आणलीया. व्हय आसंल तर उजवी दे, न्हाई आसंल तर डावी दे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

देव काही बोलेना. पंधरा मिनिटं झाली, पाकळ्या हलायला तयार नाहीत. होणारे व्याही सारखे घाम पुसत होते. सुगंधा खांबाआड ओढणी चावत उभी होती. पोरीचा चेहरा बघवत नव्हता. गुरवानं पुन्हा गाऱ्हाणं सुरू केलं, सगळ्यांनी डोळे मिटून माना खाली घातल्या. उघडे डोळे फक्त माझे. आणि तेवढ्यात एक पाकळी सुटली, चौथऱ्यावर आपटली आणि थेट माझ्या पुढ्यात!

आता देवाच्या अंगावरचं फूल पुढ्यात आल्यावर भाविक माणूस काय करतो? मी ती उचलली, डोळ्यांना लावली आणि तुळशीच्या पानासारखी तोंडात टाकली. वर आनंदाच्या भरात "पडली! पडली!" म्हणत घंटा अशी बडवली की दुसरी पाकळीही सुटून खाली तांब्यात तरंगू लागली.

गुरवानं डोळे उघडले. "आधीची कुठं हाय?"

"पोटात," मी म्हणालो.

मेव्हणा हळूच म्हणाला, "दाजी, कुठल्या अंगाची व्हती वो?"

"उजव्या!"

"तुमच्या उजव्या का देवाच्या?" व्याह्यांनी विचारलं.

मी उजवा हात वर केला. मग देवाकडे पाठ करून पुन्हा वर केला. मग दोन्ही हात वर केले. त्या घटकेला जेवतो कुठल्या हातानं तेही आठवत नव्हतं!

"मामा, तुमी गप बसायचं व्हतं की वो!" सुगंधा रडायलाच लागली. व्याही उठून चपला शोधू लागले. "देवाचा शबुद पोटात गेला म्हंजे काय सोयरीक ऱ्हाती व्हय?" बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती बघत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

गुरव मात्र शांत माणूस. त्यानं नव्या पाकळ्या भिजवल्या, चिकटवल्या. "बा म्हाराजा, पुण्याचं पावणं हाय, शिकल्यालं हाय, त्येला समजत न्हाई. त्येनं तुझा शबुद खाल्ला, त्येला तो पचू दे. आनी आमास्नी परत एकदा सांग!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा. बायकोनं माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते. (लोकांना वाटलं, काय प्रेम!)

आणि टप्! देवाची स्वतःची, शंभर टक्के उजवी! सगळ्या गावानं उघड्या डोळ्यांनी पाहिली. सुगंधा रडता रडता हसली, व्याह्यांनी मेव्हण्याला मिठी मारली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. माझं स्वतःचं लग्न ठरलं तेव्हाही इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"आता एक बारकं इचारून घेतो," मेव्हणा म्हणाला. उजव्या खांद्यावर पुन्हा पाकळी लागली. "देवा, लगीन हितंच, तुझ्या दारात करायचं हाय. दाजीस्नी देवळात घेऊ का..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत डावी पडली.

लग्न फार झकास झालं. बाहेर चपला राखत बसलो होतो, तिथपर्यंत मंगलाष्टकं अगदी स्वच्छ ऐकू येत होती.